खिडकीजवळचा बेड

कचेरीत तिला सगळे तराजूबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं तिच्या कानावर यायचंच, आणि आलं की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. आपण कुणाकडे झुकत नाही, साहेबांकडे नाही, ओळखीच्यांकडे नाही, यावर तिचा फार जीव. अभिमान कशाचा असावा याला काही कायदा नाही. कुणाला केसांचा असतो, कुणाला मुलाच्या मार्कांचा. हिला न झुकण्याचा होता.

तिचं काम म्हणजे विभागातल्या सगळ्या सरकारी रुग्णालयांची आकडेवारी गोळा करायची आणि कुठे माणसं जास्त दगावतात ते सांगायचं. नुसते मृत्यू मोजून चालत नाही, त्यात अन्याय होतो. एका ठिकाणी हात मोडलेली तरुण पोरं येतात, दुसरीकडे हृदय थकलेली म्हातारी माणसं येतात. दुसरीकडे जास्त जाणारच. म्हणून ती आधी गणिताने अंदाज काढायची, की या वयाचे, या आजाराचे, इतके रुग्ण आले तर साधारण किती दगावतील. मग खरोखर किती दगावले ते शेजारी मांडायची. अंदाजापेक्षा कमी असतील तर त्या रुग्णालयाला हिरवा रंग, आसपास असतील तर पिवळा, जास्त असतील तर लाल. या गणिताला ती 'माझं मॉडेल' म्हणायची आणि कुणी विचारलं नाही तरी त्याचं कौतुक सांगायची.

मॉडेलमध्ये काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे तीच ठरवायची. एक रकाना होता, रुग्ण कुठून आला, घरून की दुसऱ्या रुग्णालयातून. निम्म्या रुग्णालयांनी तो कोराच पाठवला. तिने फोन केले, पत्रं धाडली, कुणी दाद देईना. कोऱ्या जागा गणिताला चालत नाहीत, म्हणून तिने शेवटी तो रकानाच उडवला. असं सगळेच करतात. या धंद्यात त्याला चूकसुद्धा म्हणत नाहीत, सफाई म्हणतात. निकालही तिने दोनच ठेवले. रुग्ण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडला, किंवा तिथेच गेला. मधलं काही नको, कटकट नको.

गेल्या तीन वर्षांचे आकडे धरून केलेला पहिला तक्ता वर्तमानपत्रात छापून आला; पुढचे दर तिमाहीला निघणार होते. सगळ्यात वर, हिरव्यात, शहरातलं मोठं रुग्णालय. सगळ्यात खाली, लालभडक, नदीपलीकडच्या गावातलं छोटं रुग्णालय. आणि तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे तराजूबाईंची सख्खी थोरली बहीण.

सलग दोनदा लाल आलं तर त्या रुग्णालयाचा वॉर्ड बंद करायचा आणि खाटा मोठ्या रुग्णालयात हलवायच्या, असं संचालक साहेबांनी जाहीर केलं होतं. लाल आलेल्या आणखी दोन रुग्णालयांनी लगेच आरडाओरडा केला. त्यांच्या नोंदी तिने पुन्हा डोळ्यांत तेल घालून तपासल्या. एका ठिकाणी रुग्णांची वयं चुकीची भरलेली निघाली आणि ते पिवळ्यात आलं. नदीपलीकडच्या रुग्णालयाची फाइल मात्र तिने उघडली नाही. त्यांनी तक्रारही केली नव्हती. आणि तिथे हात लावला असता तर लोक काय म्हणाले असते? बघा, तराजू शेवटी बहिणीकडे झुकला. ते ऐकायची तिची तयारी नव्हती. याला ती सचोटी म्हणत होती.

एकदा ताईचाच फोन आला.

"अगं, रागवू नकोस, पण आमचं नेमकं काय चुकतंय ते तरी सांगशील का? औषधं वेळेवर देतो. माझ्या पोरी रात्रपाळीला डोळा लावत नाहीत. मी कुठे बघू, सांग ना."

ताईने तक्त्याला खोटं म्हटलं नव्हतं. ती फक्त विचारत होती. पण शेजारच्या टेबलावर लोक बसले होते आणि हिचा आवाज आपोआप मोठा झाला.

"ताई, हे मला विचारू नकोस. आकड्यांना नाती नसतात."

मग ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ते वाक्य हिला स्वतःलाच इतकं आवडलं की दुपारी डबा खाताना तिने ते दोघातिघांना पुन्हा ऐकवलं. लोकांनी माना डोलावल्या. भाजी त्या दिवशी जरा जास्तच चवदार लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी सुट्टी बघून ती आईला भेटायला गेली. आई ताईकडेच राहायची. दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून ती फारशी घराबाहेर पडत नसे. रस्त्याकडच्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणं हाच तिचा उद्योग. समोर शिंपीकाकांचं दुकान, त्यामुळे गावातली कुठलीही बातमी शिवून होण्याआधी आईला कळायची.

आज त्या दुकानाचं दार ओढलेलं होतं. हिने ते पाहिलं, पण आईने हात धरून तिला आधी कपाटापाशी नेलं.

"हे बघ. तुझा तक्ता. येईल त्याला दाखवते मी."

कपाटाच्या दारावर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं होतं. खाली हिचं नाव कात्रीने नीट कापून वेगळं लावलं होतं. हिने हसत हसत जवळ जाऊन पाहिलं आणि तिचं हसू तिथेच विरलं. कात्रण शेवटच्या ओळीच्या वरच संपत होतं. ताईच्या रुग्णालयाची लाल ओळ त्यात नव्हती.

"ताईनेच कापून दिलं," आई म्हणाली. "म्हणाली, खाली नुसत्या जाहिराती होत्या."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान वळवली आणि ताटं मांडायला लागली. हिला एकदम कानाच्या पाळ्या तापल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून तिने विचारलं,

"काकांचं दुकान बंद का आहे गं?"

"तुला कळलं नाही?" आई म्हणाली. "गेले ना बिचारे. छाती भरायची त्यांची. मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता करण्यासारखं काही राहिलं नाही. काकू म्हणाल्या, मग इथे तरी कशाला, घराजवळ नेते. अँब्युलन्स करून आणलं. पण ताईच्या वॉर्डात जागाच नव्हती त्या दिवशी. परत नेताना पुलावरच गेले. अगदी पुलाच्या मध्यावर." आईने पदराने डोळे टिपले. "तुझ्या बाबांचं नशीब म्हणायचं. त्यांना आपण नेलं तेव्हा जागा होती. खिडकीजवळचा बेड मिळाला. चार दिवस का होईना, शांत झोपले. तिकडे त्या यंत्रांच्या आवाजात डोळ्याला डोळा लागत नव्हता त्यांचा."

ताईने वाढता वाढता डाव खाली ठेवला आणि ती आत गेली. आईसमोर ताटात काही टाकायची सोय नव्हती, म्हणून तिने पाण्याबरोबर कसंबसं संपवलं आणि भांडी उचलून ताईच्या मागे गेली.

ताई नळ सोडून नुसतीच उभी होती.

"ताई?"

"बेड होता," ताई म्हणाली.

"काय?"

"जागा होती त्या दिवशी. खिडकीजवळचाच रिकामा होता. मी फाटकापाशी जाऊन काकूंना सांगितलं की जागा नाही." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "आमच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं. जे नुसते जायलाच येतात ते आपला आकडा बिघडवतात. आणखी एकदा लाल आलं तर वॉर्ड बंद. मग बाळंतिणींनी, दमेकऱ्यांनी, सगळ्यांनीच पूल ओलांडून जायचं का? तेव्हा असे रुग्ण आले की जागा नाही म्हणायचं. मला पटलं नव्हतं. पण मला वाटलं, आमच्या हातून माणसं मरतायत हे खरंच असेल. तू काढलेला आकडा, तो खोटा कसा असेल? आमच्यापेक्षा मोठ्या रुग्णालयातच त्यांचं भलं होईल, असं मी स्वतःला समजावलं." मग ती हळूच म्हणाली, "काकांनी स्ट्रेचरवरून मला हाक मारली. मी वळले नाही."

ताई रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिने भांडी घासायला घेतली, आणि ही हातात फडकं घेऊन शेजारी उभी राहिली.

आणि तिथे, त्या नळाच्या आवाजात, हिच्या डोक्यात बाबा आले.

बाबांना मोठ्या रुग्णालयातून हिनेच हलवलं होतं. कागदावर सही हिची होती. ताईला फोन हिनेच केला होता, 'ताई, कसंही करून एक बेड ठेव, बाबांना घराजवळ जायचंय.' ताईने तेव्हा ना नियम विचारला, ना आकडा. बेड ठेवला. चार दिवसांनी पहाटे बाबा गेले.

मग आपल्या तक्त्यात बाबा कुठे आहेत?

तिला लॅपटॉप उघडायची गरज नव्हती. नियम तिचेच होते. बाबा मोठ्या रुग्णालयातून श्वास घेत बाहेर पडले, म्हणजे तिथे जिवंत. मोठ्या रुग्णालयाच्या हिरव्या रंगात त्यांची भर. आणि गेले ताईच्या वॉर्डात, म्हणजे ताईच्या नावावर एक मृत्यू. ते कुठून आले हे सांगणारा रकाना तिने स्वतःच्या हाताने पुसला होता. बाबांसारखे किती? घराजवळ शेवटचे दिवस काढायला आलेले किती? नदीपलीकडे येणारी निम्मी म्हातारी माणसं त्यासाठीच तर यायची, हे तिला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. मॉडेल करताना तेवढं आठवलं नाही. आणि फाइल उघडली असती तर दिसलं असतं, पण फाइल उघडायची नव्हती, कारण लोक काय म्हणतील.

शिंपीकाकांचं तर आणखीच. मोठ्या रुग्णालयातून जिवंत बाहेर. छोट्या रुग्णालयात दाखलच नाही. पुलाला रकाना नव्हता. तिच्या तक्त्याप्रमाणे शिंपीकाका मेलेच नव्हते.

'आकड्यांना नाती नसतात.' डबा खाता खाता ते किती ऐटीत म्हटलं होतं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणतात असं तिला आजवर वाटायचं.

"ताई, तुमच्या हातून माणसं मरत नव्हती," ती म्हणाली. "माझं चुकलं."

आणि मग तिने सगळं सांगितलं. गणिताचे शब्द गाळून सांगितलं तर ते अगदी थोडक्यात झालं, याचीही तिला लाज वाटली. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले.

"म्हणजे बाबांना घेतलं, म्हणून आम्ही वाईट?" तिने विचारलं.

"हो."

"आणि काकांना घेतलं नाही, म्हणून चांगले?"

यावर हिला हो म्हणायचं धाडस झालं नाही. पण उत्तर तेच होतं.

ते किती खरं होतं ते परत आल्यावर कळलं. नव्या तिमाहीचे आकडे येऊन पडले होते आणि नदीपलीकडचं रुग्णालय लालमधून पिवळ्यात आलं होतं. साहेब खूश होते.

"बघा, तुमच्या तक्त्याचा धाक! कसे सुतासारखे सरळ झाले. आज सगळ्या रुग्णालयांचे प्रमुख येतायत, तेव्हा दोन शब्द तुम्हीच बोला."

तिने दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त आजचा दिवस पार पडायला हवा होता.

"हे बघा, चुका होतात. पुढच्या वर्षी रकाना घालू परत. यंदा खाली बारीक अक्षरात एक टीप टाकू. आज नको. आज सगळे आलेत."

"टीप कोण वाचतं, साहेब?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी फायली चाळायला घेतल्या.

सभागृहात लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. चहा फिरत होता. भिंतीवर तिचा तक्ता दाखवला होता, हिरवा, पिवळा, लाल. ती बोलायला उठली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. पहिलं वाक्य तिने दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा ते अर्धंच राहिलं. मग कागद बाजूला ठेवून तिने सांगितलं की तक्ता चुकलेला आहे. रुग्ण कुठून आला ते धरलेलं नाही. मोठ्या रुग्णालयातून शेवटच्या दिवसांसाठी घराकडे पाठवलेली माणसं तिथे जिवंत मोजली आहेत आणि छोट्या रुग्णालयांच्या माथी मृत्यू म्हणून मारली आहेत. लाल रंग टाळण्यासाठी आता अशा माणसांना फाटकातून परत पाठवलं जातंय. नवे आकडे सुधारले आहेत ते त्यामुळे.

मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख खुर्चीत ताठ झाले. "आमच्या नोंदी नियमाला धरून आहेत."

"हो. नियम माझा होता."

"पण बाई," ते सावकाश म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असा गोडवा होता, "नदीपलीकडे तुमची बहीण आहे ना नोकरीला?"

हेच. ज्याला भिऊन तिने फाइल उघडली नव्हती, तेच वाक्य, चार लोकांत, चहाच्या कपांवरून तिच्याकडे आलं. कोणीतरी खोकलं. तिच्या ओळखीचे एकदोन जण टेबलाकडे बघायला लागले.

"आहे," ती म्हणाली. "ती तिथे आहे म्हणूनच मी तिथलं तपासलं नाही. बाकी ज्यांनी तक्रार केली त्यांचं तपासलं. तिने नुसतं विचारलं, तर तिला मी गप्प बसवलं. मला निःपक्षपाती दिसायचं होतं." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "माझे वडील तुमच्या हिरव्या आकड्यात आहेत, डॉक्टर. आणि तिच्या लाल आकड्यातही आहेत. मीच नेलं होतं त्यांना."

पुढे बराच वाद झाला. कोणी म्हणालं आधीच का नाही बघितलं, कोणी म्हणालं आता असल्या तक्त्यांवर विश्वास ठेवायचा कसा, आणि दोघांचंही बरोबर होतं. तिने काही बचाव केला नाही. शेवटी तक्ता मागे घ्यायचा, वॉर्ड बंद करायचं थांबवायचं, आणि रुग्ण कुठूनही निघाला तरी महिनाभर त्याचं काय झालं ते शोधून मगच मोजायचं, असं ठरलं. साहेब तिच्याशी न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून तराजूबाई हे नाव कुणी घेईना, निदान तिच्या कानावर जाईल असं तरी नाही. ते नाव गेल्याचं तिला दुःख झालं नाही असं म्हणणं खोटं होईल.

तिने ताईला फोन केला. वॉर्ड राहतोय, म्हणाली.

"बरं झालं," ताई म्हणाली. आनंद तिच्या आवाजात होता, पण पुरता नव्हता. "काकू आल्या होत्या काल वॉर्डात. माझा हात धरून म्हणाल्या, जागाच नव्हती, त्याला तू तरी काय करणार, मनाला लावून घेऊ नकोस. उलट माझीच समजूत काढत होत्या."

"मग?"

"मग काय. मूग गिळून उभी राहिले."

सभेत चार परक्यांसमोर बोलणं सोपं होतं, हे हिला आत्ता कळलं.

"मी येते," ती म्हणाली. "दोघी जाऊ."

सुट्टीची वाट न बघता ती गेली. दुपारी दोघी रस्ता ओलांडून समोर गेल्या. आई खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, पोरी काकूंना धीर द्यायला निघाल्यात, आणि ती कौतुकाने हसली.

दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. काकू एकट्याच आत बसून अर्धवट राहिलेले कपडे गिऱ्हाइकांना परत द्यायला वेगळे काढत होत्या. दोघींना बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, दोघी बहिणी एकदम! या, या. थांबा हं, बसायला जागा करते."

त्यांनी बाकावरचे कपडे दोन्ही हातांनी उचलले. हिने ताईचं मनगट धरलं.

"काकू," ती म्हणाली, "त्या दिवशी जागा होती."

कपडे छातीशी धरून काकू तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग हिच्याकडे. शब्द कळूनही त्यांना अर्थ लागत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आता तो अर्थ आपल्यालाच लावून द्यावा लागणार होता. तक्ता कोणाचा, नियम कोणाचा, फाटकात नाही कुणी म्हटलं आणि कुणामुळे. हिला मान खाली घालावीशी वाटली. पण काकू बघत होत्या, म्हणून तिने ती घातली नाही आणि सांगायला सुरुवात केली.